दर शेअरमागचे पाच रुपये

आमच्या गावात बी. ए. झालेला पहिला माणूस मी. ही गोष्ट मी आयुष्यात अनेकांना सांगितली आहे, आणि सांगताना मला बरे वाटत आले आहे. त्या पदवीचा गावाला पहिला उपयोग काय झाला, हे मात्र मी कोणाला सांगितलेले नाही. माझ्या मुलांनाही नाही. ज्यांना ते ठाऊक होते ती माणसे एकेक करून गेली. आता मी गप्प राहिलो तर काही घडलेच नव्हते असे होईल, म्हणून लिहितो.

गाव पूर्णगडच्या खाडीला लागून, बंदरापासून थोडे आत. माझे वडील शिडाच्या मचव्यावर खलाशी होते. मचवा दुसऱ्याचा. कौले, मीठ, सुके मासे असा माल घेऊन ते मुंबईपर्यंत जात आणि पावसाळ्याचे महिने घरी असत. त्यांना अक्षरओळख नव्हती. कागदावर अंगठा उठवला की तो अंगठा ते कितीतरी वेळ पंचाला पुसत राहत, जणू काही चिकटून आले आहे. अशा घरातून मी शाळेत गेलो तो मास्तरांमुळे.

मास्तर म्हणजे आमच्या मराठी शाळेचे मास्तर. शाळेच्याच पडवीत गावचे टपाल होते आणि तेही तेच पाहत. लहान गावांतून तेव्हा अशीच पद्धत होती. गावातली निम्मी तरणी माणसे मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. त्यांच्या मनीऑर्डरी मास्तरांच्या हातून येत, त्यांची पत्रे मास्तर वाचून दाखवत, आणि उत्तरेही तेच लिहून देत. कोणाचा मुलगा पिऊ लागला, कोणाच्या सुनेचे पटत नाही, हे सगळे त्यांच्या कानांवरून जाई आणि त्यातले एक अक्षर पडवीबाहेर येत नसे.

मराठी चौथी झाल्यावर वडील मला मचव्यावर नेणार होते. मास्तर ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "ह्याला रत्नागिरीला पाठवू." वडील म्हणाले, "मास्तरांनू, पाठवू, पण कशाच्या जिवावर?" ते मास्तरांनी पाहिले. हायस्कुलात फी माफ झाली ती त्यांच्या अर्जाने, बोर्डिंगात जागा मिळाली तीही त्यांच्या अर्जाने. पुढे मुंबईला कॉलेजात जायची वेळ आली तेव्हा गावाने वर्गणी केली, आणि त्या यादीत पहिला आकडा मास्तरांचा होता. त्यांचा पगार किती होता हे मला पुढे कळले. तो आकडा त्यांना परवडणारा नव्हता.

मी कॉलेजात असतानाची, एकोणीसशे तिसाच्या अलीकडची गोष्ट. किनाऱ्यावर एक नवी बोट-कंपनी चालू झाली होती, आपल्या लोकांनी काढलेली. जुन्या मोठ्या कंपनीच्या बोटींवर आमच्या माणसांना गोण्यांसारखे वागवत, त्यामुळे ह्या नव्या बोटीचे सर्वांना कौतुक होते. पहिल्यांदा तिने दहा रुपयांचे शेअर काढले तेव्हा आमच्या गावाने एकही घेतला नाही. बोट पाण्यात उतरेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. बोट उतरली, चालली, भागीदारांना नफाही वाटला गेला. मग कंपनीला दुसरी बोट घ्यायची होती म्हणून तिने नवे शेअर काढले. शेअर दहाचाच, पण ह्या वेळी तो घ्यायला पंधरा रुपये द्यायचे होते.

कंपनीचा माणूस गावात आला, मास्तरांकडे उतरला, त्यांना सगळे समजावून गेला. मास्तरांनी ते देवळाच्या सभामंडपात लोकांना समजावले. लोकांनी माना डोलावल्या. मास्तर सांगतात म्हणजे बरोबरच असणार, एवढे त्यांना पुरेसे होते. चाळीस शेअर गावात गेले. पैसे मास्तरांनी जमा केले आणि कंपनीला पाठवले, आणि शेअरचे छापील कागद आले तेव्हा ज्याचे त्याला घरी नेऊन दिले. स्वतःसाठी त्यांनी तीन घेतले होते.

बी. ए. झाल्यावर पहिल्या शिमग्याला मी गावी गेलो. नोकरी अजून नव्हती. शिमग्याला आमच्याकडे सगळी मुंबई घरी येते. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली होती, दिवसभर नाचून माणसे घामाघूम झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी सभामंडपात सगळ्यांना बोलावले. त्यांच्या हातात कंपनीचा वार्षिक ताळेबंद होता, इंग्रजीत छापलेला.

"वर्षापूर्वी हा कागद आला," ते म्हणाले, "आणि मी तो पेटीत ठेवला. मला इंग्रजी येत नाही. तुम्हालाही येत नाही. आता ज्याला येतं असा एक आपण तयार केला आहे. तो वाचील." आणि त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की तसे माझ्याकडे पुन्हा कोणी पाहिले नाही.

मी उभा राहिलो. माझे विषय संस्कृत आणि इतिहास होते. ताळेबंद मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरला. डाव्या बाजूला भांडवल आणि देणी, उजव्या बाजूला मालमत्ता, एवढे छापलेलेच होते. मी ते वाचून मराठीत सांगत गेलो. दोन बोटी, त्यांची किंमत, बँकेतली शिल्लक. लोक ऐकत होते. "आपली बोट एवढ्या रुपयांची?" कोणीतरी म्हणाले. "मग तिकीट घेतो कशाला? मालकच आपण," दुसरा म्हणाला. हशा झाला. मलाही वाटले, हे काम सोपे आहे.

मग गोदीत काम करणारा एकजण पुढे आला. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, बोलायला फटकळ. त्याच्या हातात त्याचा शेअरचा कागद होता. आकडे त्याला वाचता येत.

"बी. ए. सायेब," तो म्हणाला, "ह्या कागदावर धा रुपये लिवलेत. मी पंधरा मोजलेत. ह्यो बी पंधरा, त्यो बी पंधरा. मंग पाच गेले कुठं?"

"पाच वर द्यायचे होते," मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले. "तेव्हा सांगितलं होतं मी."

"सांगितलंत, मास्तर. पण कागदात असतील ना? बघू दे की त्याला."

मी पुन्हा डावी बाजू पाहिली. आदल्या सालचे भांडवल शेजारी बारीक अक्षरात दिलेले होते. नवे शेअर किती निघाले तेही होते. मी मनातल्या मनात गुणाकार केला. भांडवल वाढले होते ते बरोबर दर शेअरला दहा रुपयांनी. पंधरांनी नाही.

"भांडवलात दहाच धरले आहेत," मी म्हणालो.

"मंग पाच?"

इथे मला थांबायला हवे. भांडवलाच्या ओळीखाली दोन ओळी सोडून आणखी एक ओळ होती. शेअर प्रीमियम खाते, आणि पुढे आकडा. ती ओळ मी पाहिली होती. तिचा अर्थ मला कळला नाही. देण्यांच्या बाजूला आहे म्हणजे कंपनीचे कोणाशी काही देणेघेणे असेल असे मला वाटले, आणि मी डोळा पुढे नेला. "ही एक ओळ मला समजत नाही, मुंबईला गेल्यावर विचारून सांगतो," एवढे म्हणायला किती वेळ लागला असता? पण शंभर माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती. त्यांच्या वर्गणीवर मी शिकलो होतो. मला समजत नाही असे इंग्रजीत काही असू शकते हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. पुढे कित्येक वर्षे मी स्वतःला सांगत आलो की ती ओळ माझ्या नजरेतून सुटली. ती सुटली नव्हती.

मी म्हणालो, "इथे तर दिसत नाहीत. मधे कुठे तरी राहिले असतील."

एवढेच. मी कोणाचे नाव घेतले नाही. पण गाव आणि कंपनी यांच्या मधे कोण होते हे सभामंडपातल्या लहान मुलालाही ठाऊक होते. माना हळूहळू मास्तरांकडे वळल्या.

मास्तरांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केले. मग म्हणाले, "नीट बघ. घाई नको."

"बघितलं," मी म्हणालो.

गलका झाला. चाळीस शेअर, दर शेअरला पाच, म्हणजे दोनशे, हा हिशेब करायला कोणाला इंग्रजी लागत नव्हते. मास्तरांच्या बाजूचेही लोक होते. एक म्हातारा कुळवाडी ओरडला, "अरे, ज्या माणसाच्या हातून तुमच्या पोरांच्या मनीऑर्डरी येतात त्याच्यावर आळ घेता?" त्यावर गोदीवाला म्हणाला, "मी कुठं आळ घेतला? कागदच बोलतोय." शेवटी मानकऱ्यांनी ठरवले, देवाला कौल लावू.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमिनीचे तंटे, लग्ने, मचव्याची पहिली फेरी, सगळे ह्यावर चाले. गुरवाने गाऱ्हाणे घातले, "बा म्हाराजा, मास्तरांच्या हाताक एक पै लागली नसंल तर उजवा दे, म्हाराजा." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. पुष्कळ वेळ काही झाले नाही. मग उजवी कळी पडली.

लोकांनी सुस्कारा टाकला. प्रकरण तिथेच मिटले असते. मीच म्हणालो, "कळी पडल्याने हिशेब जुळत नाही."

मला वाटते मास्तरांची बाजू देवाने घेतली हे मला सोसले नाही. मी चुकलो असे ठरत होते. म्हातारा कुळवाडी माझ्या अंगावर आला. पण मास्तर उठले आणि त्याला त्यांनी थांबवले.

"तो बरोबर बोलतो," ते म्हणाले. "कळीने हिशेब सुटत नाही. हे मीच शिकवलंय त्याला. कागदाचं कागदानेच होऊ दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुंबईला चालला आहेस ना? कंपनीत जा. विचार. जे असेल ते मला कळव."

घरी जाताना वडील माझ्या पुढे चालत होते. बांधावर ते थांबले आणि मागे न पाहता म्हणाले, "तुला पक्कं ठावं हुतं?"

"कागदात होतं," मी म्हणालो.

ते पुढे चालू लागले. वडिलांशी मी इतके उघड खोटे त्याआधी बोललो नव्हतो.

मुंबईला आल्यावर चार दिवसांनी मी कंपनीच्या कचेरीत गेलो. जाताना मनात तक्रारीची वाक्ये जुळवत होतो, काही इंग्रजीत. हेडक्लार्क माझ्याच किनाऱ्यावरचा निघाला, सावंतवाडीकडचा, नाकावर चष्मा, बोलताना सुपारी कातरणारा. मी ताळेबंद त्याच्यापुढे ठेवला आणि विचारले, "आमच्या गावाने दर शेअरला पंधरा दिले. इथे दहाच आहेत. तुमच्याकडे आमच्या मास्तरांकडून किती आले?"

त्याने एक जाड वही काढली, पान उलटले, बोट ठेवले. "चाळीस शेअर. सहाशे रुपये. एका खेपेत आलेत." मग माझ्याकडे पाहून, "का? काय झालं?"

मी भांडवलाच्या ओळीवर बोट ठेवले. त्याने माझे बोट उचलले आणि दोन ओळी सोडून खाली नेऊन ठेवले. "वाचा," तो म्हणाला.

मी वाचले.

"आता कळलं?"

"नाही," मी म्हणालो. हा शब्द त्या दिवशी इतका सहज आला की मलाच नवल वाटले. तिथे मला कोणी ओळखत नव्हते.

"वडील काय करतात?"

"मचव्यावर आहेत."

"मग सोपं आहे. चौघांनी मिळून मचवा बांधला, दर माणशी शंभर घातले. लाकूड आणलं तेव्हा तो तरेल का बुडेल, कोण सांगणार? कोणी नाही. पाच वर्षं चालला. व्यापारी ओळखायला लागले, गाठीला शिल्लक पडली. आता पाचवा आला. म्हणतो, मला बरोबरीचा वाटा द्या, हे घ्या शंभर. द्याल?"

"नाही."

"का नाही? तुम्हीही शंभरच दिलेले."

"आता मचव्याची किंमत वाढली. तो आमच्या पाच वर्षांतला हिस्सा फुकट नेईल."

"किती मागाल?"

"दीडशे."

"बरं. दीडशे दिले तर वाटा किती? दीड?"

"एकच. बाकीच्यांसारखा."

"आणि वरचे पन्नास कोणाच्या खिशात? मचवा चालवणाऱ्या तांडेलाच्या?"

"कोणाच्याच नाही. मचव्यातच राहतील." आणि मग मला पुढचेही दिसले. "आणि त्यातही त्या पाचव्याचा वाटा राहील."

"झालं तर. तुमचे पाच रुपये ते हे. शेअरची दर्शनी किंमत दहा, म्हणून दहा भांडवलात. वरचे पाच वेगळ्या ओळीत. दोन्ही मालकांचेच पैसे. दोन्हींची बोट झाली."

मला एक शंका राहिली होती. "मग ते देण्यांच्या बाजूला का? कंपनी ते परत देणार आहे का?"

"कंपनी वेगळी, मालक वेगळे. मालकांचं जे कंपनीकडे आहे ते ह्या बाजूला लिहायचं. भांडवलही ह्याच बाजूला आहे, ते कोणी परत मागतं का? उद्या कंपनी मोडली तर सगळ्यांचं देऊन जे उरेल त्यात ते येईल. तोवर नाही."

"आणि नफा? नफ्यात धरून वाटत का नाहीत?"

"बोट चालवून आले का ते? नाही. मालकांनीच घातले. स्वतःच घातलेले पैसे स्वतःलाच नफा म्हणून वाटून घ्यायचे, ही कसली कमाई? आमच्या डायरेक्टरांनी ते खाते तसंच ठेवलंय. वाटायचं ते भाड्यातून." त्याने सुपारी तोंडात टाकली. "बी. ए. कशात झालात म्हणालात?"

मी सांगितले नव्हते. सांगितलेही नाही. जिना उतरून खाली आलो आणि रस्त्यावर उभा राहिलो. एका खलाशाच्या मुलाला मचव्याचा दाखला देऊन हे समजवावे लागले होते. माझ्या वडिलांना ते विचारले असते तर त्यांनी पाणी भरता भरता सांगितले असते. मास्तरांनाही ते बहुधा असेच सांगितले गेले होते आणि त्यांनी ते असेच गावाला सांगितले होते. न कळलेला माणूस एकच होता.

त्याच दिवशी बोटीत बसायला हवे होते. शिमग्याला आलेले लोक अजून पुरते परतले नव्हते. पण मी खोलीवर जाऊन मास्तरांना पत्र लिहिले. चार पानी. हेडक्लार्कने सांगितले ते सगळे, मचव्याच्या दाखल्यासकट. शेवटी लिहिले की आपण हे सभामंडपात सर्वांना वाचून दाखवावे.

आठ दिवसांनी कार्ड आले. मास्तरांचे अक्षर वळणदार, पुस्तकातल्यासारखे. त्यांनी लिहिले होते: "पत्र पोचले. विषय चांगला समजला. मचव्याचा दाखला उत्तम. परंतु माझ्यावरील आरोप मीच वाचून दाखविलेल्या पत्राने कसा जाईल? तू समक्ष येऊन सांगावेस. प्रकृतीस जपावे."

मी गेलो नाही. त्याच आठवड्यात एका कचेरीत नोकरी लागली. रजा मिळणार नाही असे मी मास्तरांना लिहिले. खरे म्हणजे मी मागितलीच नाही. मग मृग लागला, बोटी बंद झाल्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की आमचे गाव मुंबईपासून तुटते, आणि त्या वर्षी मला ते बरे वाटले. जाताच येत नाही म्हटल्यावर कोणी मला विचारणार नव्हते.

त्या महिन्यांत गावात काय झाले ते मला नंतर कळले. कोणीतरी टपालखात्याला निनावी अर्ज केला. इन्स्पेक्टर घाट उतरून, चिखल तुडवत आला. मनीऑर्डरींच्या नोंदी, तिकिटे, शिल्लक, सगळे त्याने दोन दिवस तपासले. पैचाही फरक निघाला नाही. तसा शेरा लिहून तो गेला. पण खाकी कोटातला साहेब पडवीत बसून मास्तरांची पेटी उपसतो आहे हे गावाने पाहिले ते पाहिलेच. शेरा इंग्रजीत होता. तो वाचणारा गावात नव्हता.

बायका पत्रे वाचून घ्यायला मास्तरांकडे यायच्या थांबल्या. कोणी रागाने नाही. एक जण पावस गावी भावाकडे पत्र नेऊन वाचून घेऊ लागली, मग दुसरी तिच्याबरोबर जाऊ लागली. पाच-सहा मैल चिखलातून. पैशांच्या बाबतीत संशय आला की घरातल्या गोष्टीही त्या माणसाला सांगाव्याशा वाटत नाहीत.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि गणपतीला मी गेलो. ह्या वेळी मी सभा मागितली. पाऊस पडत होता, सभामंडप अर्धा भरला. मी उभा राहिलो आणि सगळे सांगितले. चार जणांचा मचवा, पाचवा भागीदार, दहा कुठे लिहिले, पाच कुठे लिहिले, आणि ते कोणाच्याच खिशात का जात नाहीत. कंपनीकडून सहाशे रुपये पोचल्याचा दाखला आणला होता, तो फिरवला. हेही म्हणालो की मास्तरांनी तुम्हाला पहिल्यापासून खरे सांगितले होते आणि मला वाचता आले नाही. ओळ पाहून पुढे गेलो, हे मात्र तेव्हाही म्हणालो नाही. ते आज पहिल्यांदा लिहितो आहे.

गोदीवाला गणपतीला आला होता. तो पुढे येऊन मास्तरांच्या पाया पडला. "मला फक्त इचारायचं हुतं, मास्तर," तो म्हणाला. "मी इचारलं, ह्यानं सांगितलं." ते खरे होते. त्याने फक्त विचारले होते.

काही जणांना पटले. मचव्याचा दाखला म्हाताऱ्या खलाशांना लगेच पटला, माझे वडील मान हलवत होते, आणि त्यांच्या शेजारचा म्हणाला, "ह्यात कळण्यासारखं काय हाय? आमी न्हेमी तसंच करतो." पण खालच्या वाडीतली एक म्हातारी, जिचा मुलगा गिरणीत होता आणि जी आता पावसला जाऊन पत्रे वाचून घेई, ती खांबाला टेकून बसली होती. सगळे उठू लागल्यावर ती मला म्हणाली, "पोरा, तवा बी तू कागदच दावलास. आता बी कागदच दावतोस. मला वाचता येत नाय. मी कंचा खरा धरू?"

मास्तर जवळच उभे होते. त्यांनी ते ऐकले.

"आजी, तू कोणताच धरू नको," ते तिला म्हणाले. "पैसे आले की दोन माणसं बोलाव, त्यांच्यासमोर मोज."

मला वाटले ते थट्टेने म्हणाले. तसे नव्हते. त्यांनी ती पद्धत जून-जुलैपासूनच घातली होती. मनीऑर्डर घेऊन ते एकटे कोणाच्या घरी जात नसत. वाडीतले दोन जाणते बरोबर घेत, रुपये त्यांच्यासमोर मोजत, आणि एका वहीत त्यांच्या सह्या किंवा अंगठे घेत. टपालखात्याला ह्याची गरज नव्हती. त्यांनीच ती वही स्वतःच्या पैशांनी आणली होती.

मुंबईहून निघताना, पहिल्या पगारातून बाजूला ठेवलेले पंधरा रुपये मी वडिलांना मनीऑर्डरीने पाठवले होते, घरच्यांना टपालातून येणारे पैसे पाहायला बरे वाटतील म्हणून. ती मनीऑर्डर आणि मी एकाच बोटीने आलो. तिसऱ्या दिवशी मास्तर आमच्या ओटीवर आले. मागे दोन माणसे.

वडील गडबडले. "मास्तरांनू, माझ्या घरी तरी साक्षीदार नकोत," ते म्हणाले. "मला लाज वाटते."

"एका घरी नको म्हटलं की दुसऱ्या घरी का, असं होतं," मास्तर म्हणाले. ओटीवर बसून त्यांनी पंधरा रुपये एकेक करून मांडले. मोठ्याने मोजले. वडिलांनी अंगठा उठवला. दोघांपैकी एकाला सही येत नव्हती आणि त्याचा अंगठा भाताच्या कामात कापलेला होता, फडके बांधलेले. मास्तरांनी वही माझ्यापुढे केली.

"ह्याच्या जागी तू कर."

मी टाक घेतला. वहीच्या त्या पानावर वरपासून खालपर्यंत गावातली नावे होती, जी माणसे त्यांच्याकडे बाराखडी शिकली त्यांच्या सह्या, आणि जी शिकली नाहीत त्यांचे अंगठे. सगळे एवढेच सांगत होते की ह्या माणसाने पैसे पूर्ण दिले. त्याखाली मी सही केली. मास्तरांनी अक्षर वाळेपर्यंत वही उघडी धरली, मग मिटून काखेत घेतली.

"नोकरीवर कधी जातोस?" त्यांनी विचारले.

"परवाच्या बोटीने."

"बरं," ते म्हणाले, छत्री उघडली, आणि पुढच्या घराकडे निघाले. दोघे साक्षीदार त्यांच्या मागून गेले.